मस्कतमधला पहिला रमजान: बडोद्याहून नोकरीला जाणाऱ्यांसाठी

बडोद्यात वाढलेल्या आपल्या मराठी माणसाला रमजान माहीत असतो तो संध्याकाळचा. पाणीगेट, याकुतपुऱ्याकडे गेलं की फळांच्या गाड्या, खजुराचे ढीग आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधीची लगबग दिसते. दिवसा मात्र दांडिया बाजारातली खानावळ चालू असते, रावपुऱ्यातली चहाची टपरी चालू असते, शेव-उसळीच्या गाडीपुढे रोजच्यासारखी गर्दी असते. ज्याला रोजा आहे तो पाळतो, बाकीच्यांचा दिवस नेहमीसारखा जातो.

मस्कतमध्ये तसं नसतं. तिथे अख्ख्या शहराचं घड्याळ बदलतं. ऑफिस, बाजार, रस्ते, दवाखान्यांच्या वेळा, शेजाऱ्यांची झोप, सगळंच सरकतं, आणि तुम्ही हिंदू असा की ख्रिश्चन, त्या घड्याळाबाहेर राहता येत नाही. मी मस्कतला रुवी भागात राहते, एका व्यापारी कंपनीत हिशेबाचं काम करते. सुट्टीत बडोद्याला आले की कोणाचा ना कोणाचा मुलगा किंवा जावई ओमानला निघालेला असतो आणि विचारणा होते, "ताई, रमजानात तिथे जेवायला तरी मिळतं का हो?" मिळतं, भरपूर मिळतं. फक्त कधी, कुठे आणि कसं हे आधी कळायला हवं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी कालनिर्णय उघडा

रमजान हा हिजरी, म्हणजे इस्लामी वर्षाचा नववा महिना. तो चंद्रावर चालतो, पण त्यात आपल्यासारखा अधिक मास नसतो. त्यामुळे इंग्रजी तारखांच्या हिशेबाने तो दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतो. २०२७ मध्ये तो ८ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होईल आणि ९-१० मार्चच्या सुमारास ईद येईल. २०३० मध्ये तर एकाच वर्षात दोनदा रमजान लागणार आहे, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस.

आपल्या घरात भिंतीवर पंचांग असतं, त्याचा इथे चांगला उपयोग होतो. अमावास्येनंतर चंद्रकोर दिसली की नवा हिजरी महिना लागतो, म्हणजे आपल्या शुद्ध प्रतिपदा-द्वितीयेच्या सुमारास. २०२७ चा रमजान आणि आपला माघ महिना जवळजवळ बरोबरच चालणार आहेत. रमजानचा मध्य कधी, तर पौर्णिमेच्या सुमारास. शेवट कधी, तर अमावास्या उलटली की. एवढं लक्षात ठेवलं तर कामाची आखणी करायला कोणाला विचारावं लागत नाही.

नेमकी तारीख मात्र आदल्या संध्याकाळी, चंद्रदर्शनाचा निर्णय झाल्यावरच ठरते आणि ओमान हा निर्णय स्वतः घेतो. सौदी आणि अमिरातीत रमजान लागला तरी ओमानमध्ये तो एक दिवसाने लागू शकतो. दुबईच्या मावसभावाचा फोन आला म्हणून मस्कतमध्ये दुसऱ्या दिवशीची कामं रद्द करू नका. ओमानची घोषणा पाहा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मस्कतला रोजा पहाटे सव्वापाचच्या आगेमागे सुरू होतो आणि संध्याकाळी सहानंतर सुटतो. जवळजवळ तेरा तास अन्न नाही, पाणी नाही, सिगरेट नाही. आपल्याकडे हरतालिकेचा निर्जळी उपास करणाऱ्या बायकांना तो एक दिवस कसा जातो ते आठवा आणि मग तो सलग २९-३० दिवस, ऑफिस सांभाळून करायचा आहे असं समजा. समोरच्या माणसाकडे पाहण्याची नजर यानेच बदलते. पुढचे सगळे नियम मला तरी त्यामुळे ओझं वाटत नाहीत.

२. निघण्याआधी: कागद आणि सामान

शक्य असेल तर रमजान लागण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पोहोचा. रेसिडेंट कार्डासाठी वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि या महिन्यात सरकारी खिडक्या कमी वेळ उघड्या असतात. कार्ड हाती नसेल तर बँक खातं, घरभाडं, फोन, सगळं अडकतं. अहमदाबाद किंवा मुंबईहून विमान घ्यायचंच आहे, तर कंपनीला तारीख थोडी अलीकडे घ्यायला सांगून पाहा.

बरोबर हे असू द्या:

– पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, आणि कार्ड मिळालं की ते कायम खिशात.
– नेमणूकपत्राची प्रत, ज्यात कामाचे तास लिहिलेले आहेत अशी.
– रोजच्या औषधांची डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, आणि औषधं मूळ पाकिटात. झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामकं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध चिठ्ठीशिवाय नेऊच नका.
– फोनमध्ये नमाजाच्या वेळा दाखवणारं ॲप, शहर मस्कत निवडून. टॅक्सीसाठी ओटॅक्सी.
– घट्ट झाकणाचा, वास बाहेर न येणारा डबा आणि पाण्याची बाटली मावेल अशी बंद पिशवी.
– पूर्ण बाह्यांचे सैल कपडे. बायकांसाठी एक मोठी ओढणी.
– भेट म्हणून नेण्यासाठी मिठाई किंवा भाकरवडीची दोन-तीन न फोडलेली पाकिटं. ही नक्की लागतील, का ते पुढे येईल.

दुबईमार्गे जाणार असाल तर आईने दिलेल्या मसाल्यात, लाडवात खसखस नाही ना, हे बघून घ्या. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि बॅग तपासताना हा पदार्थ फार त्रास देतो. विड्याची पानंही तिथे चालत नाहीत.

३. दिवसा खाणं-पिणं

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं यानंतर.

ओमानच्या २०१८ च्या दंडसंहितेनुसार रमजानात दिवसा सार्वजनिक ठिकाणी उघडपणे खाणं-पिणं हा गुन्हा आहे. शिक्षा १० दिवसांपासून ३ महिन्यांपर्यंत कैद. धर्म कुठलाही असो, कायदा सगळ्यांना सारखाच. दुबईत हे अलीकडे बरंच सैल झालं आहे, म्हणून दुबईहून मस्कतला बदली होऊन आलेली माणसं हमखास गाफील राहतात.

"सार्वजनिक" म्हणजे काय, हे लोकांना कळत नाही. रस्ता, समुद्रकिनारा, मॉल, बसस्टॉप हे तर झालंच. पण स्वतःची गाडीही त्यातच धरा. सिग्नलला काच खाली करून पाण्याची बाटली तोंडाला लावणं, पार्किंगमध्ये बसून बिस्किटं खाणं, हे टाळायचं. तंबाखू, सुपारी, च्युइंगगम, तोंडात धरलेली बडीशेपसुद्धा. बडोद्यात जेवणानंतर मुखवास तोंडात टाकायची आपली सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की हात आपोआप खिशात जातो. तो डबा महिनाभर घरीच ठेवा. सिगरेट ओढणाऱ्यांनी इमारतीच्या जिन्यात, गच्चीवर, दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन ओढण्याचे प्रकार करू नयेत. तिथेही कोणीतरी असतंच.

घरात मात्र काही बंधन नाही. दार लावून तुम्ही हवं ते शिजवा, हवं तेव्हा खा. लहान मुलांना कोणी काही म्हणत नाही, त्यांना बाहेरही पाणी देता येतं. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, अचानक चक्कर आली, तर दुकानातल्या किंवा ऑफिसातल्या माणसाला सरळ सांगा. आतल्या खोलीत बसवून तुम्हाला पाणी देणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः रोजेदार असतो. आजारी माणसाला रोजाची सक्ती त्यांच्या धर्मातही नाही.

उपाहारगृहं दिवसा बंद असतात आणि मगरिबनंतर उघडून मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. काही ठिकाणी दिवसा पार्सल मिळतं, पण रोजच्या जेवणाची भिस्त त्यावर ठेवू नका. रुवी, दारसैत, घाला या भागांत डबा देणारे बरेच आहेत, गुजराती चवीचे आणि दक्षिणी चवीचेही. रमजानच्या आदल्या आठवड्यातच त्यांना विचारा: दुपारचा डबा देणार का, किती वाजता, आणि कुठे? पुष्कळजण दुपारचा डबा सकाळीच पोचवतात. मग तो दुपारपर्यंत टिकेल असाच पदार्थ हवा.

माझं रोजचं गणित सांगते. सकाळी घरातून पोटभर खाऊन निघायचं, पोहे-उपमा नव्हे, तर पोळी-भाजी किंवा भाकरी. डब्यात थेपले, दशम्या, गूळ-तुपाचा लाडू, सुका बटाटा. यातलं काहीही गरम करावं लागत नाही, आणि वास दरवळत नाही. लसणाची फोडणी दिलेली आमटी मायक्रोवेव्हमध्ये फिरवली की शेजारच्या खोलीत सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेतलेला माणूस बसलेला असतो, हे विसरता कामा नये. संध्याकाळचं जेवण मी मगरिबनंतर लगेच करते. शहर जेवतं तेव्हाच जेवलं की पुढची सगळी कामं सोपी होतात.

४. ऑफिस

ओमानच्या २०२३ च्या कामगार कायद्यानुसार रमजानात मुस्लिम कर्मचाऱ्यांचे तास दिवसाला ६ आणि आठवड्याला ३० पेक्षा जास्त नसतात. एरवी ही मर्यादा ८ आणि ४० ची आहे. इतरांसाठी कायद्याने तास कमी होत नाहीत. काही कंपन्या सगळ्यांनाच लवकर सोडतात, काही नाही. हे तोंडी विचारून ठेवू नका. रमजानच्या आधी मनुष्यबळ विभागाकडून ईमेलवर लिहून घ्या. नाहीतर महिनाअखेरीस हजेरीपत्रकावरून वाद होतो आणि नव्या माणसाची बाजू नेहमीच कमजोर असते.

तास कमी नसतील तरी दिवस वेगळाच चालतो. कामाची खरी वेळ सकाळी नऊ-साडेनऊ ते दुपारी साडेबारा. याच वेळात बैठका, सह्या, ग्राहकांचे फोन उरका. एकनंतर कोणाकडे मंजुरी मागायला जाऊ नका. तो माणूस पहाटे चारला उठलेला असतो, रात्रीची तरावीहची नमाज पढून उशिरा झोपलेला असतो, आणि त्याचा चहा बंद असतो. चहा-कॉफीची तलफ मारून राहणाऱ्याचं डोकं पहिल्या आठवड्यात फार दुखतं. त्या आठवड्यात कोणी तुटक बोललं तर मनावर घेऊ नका. दुसऱ्या आठवड्यात तोच माणूस शांत झालेला दिसतो.

हिशेबाच्या माणसांसाठी खास: बँकांची वेळ आखडते. धनादेश, परदेशी रकमा, पुरवठादारांची देणी ही सगळी कामं रमजान लागण्याच्या आधीच्या आठवड्यात जितकी उरकता येतील तितकी उरका. सरकारी शिक्का लागणारी कुठलीही गोष्ट शेवटच्या दहा दिवसांवर ठेवू नका. त्या दहा दिवसांत लोक रात्रभर प्रार्थनेत असतात आणि ईदच्या सुट्टीचे वेध लागलेले असतात. शुक्रवार-शनिवारची साप्ताहिक सुट्टीही मोजायला हवी. आपल्या रविवारच्या सवयीमुळे तिचा हिशेब चुकतो.

पँट्री बहुधा बंद असते. इतर धर्मीयांसाठी एखादी खोली ठरवून दिलेली असते. नसेल तर मागून घ्या, मागण्यात गैर काही नाही. टेबलावर पाण्याची बाटली ठेवू नका, डबा बॅगेत ठेवा. ओमानी सहकारी बहुतेक वेळा स्वतःच म्हणतील, "तुम्ही प्या पाणी, आम्हाला काही वाटत नाही." ते मनापासून म्हणतात. तरीही उठून त्या खोलीत जा.

एक गोष्ट विशेषतः तरुण मुलांना सांगते. "तुम्ही रोजा का ठेवता?", "पाणीसुद्धा नाही?" असं कुतूहलाने विचारलं तर लोक आनंदाने सांगतात. पण कोणी रोजेदार नाही असं दिसलं तर कारण विचारू नका. प्रवास, आजार, बायकांची पाळी, कारणं खाजगी असतात.

५. रस्ता

मगरिबच्या आधीचा अर्धा-पाऊण तास सुलतान काबूस मार्गावर असू नका. सगळं शहर एकाच वेळी घरी पोहोचायला निघालेलं असतं, चालक थकलेले असतात, रक्तातली साखर उतरलेली असते आणि वेग वाढलेला असतो. एक तर साडेचारच्या आत घर गाठा, नाहीतर ऑफिसातच थांबून मगरिबनंतर निघा. नंतरचा अर्धा तास रस्ते इतके मोकळे असतात की नव्या माणसाला विश्वास बसत नाही.

त्या अर्ध्या तासात टॅक्सीही मिळत नाही. चालक जिथे असेल तिथे गाडी थांबवून रोजा सोडतो. तुम्ही गाडीत असताना अजान झाली तर त्याला दोन मिनिटं खजूर-पाणी घेऊ द्या. तो तुम्हालाही एक खजूर देईल, तो घ्या. मवासलात या सरकारी कंपनीच्या लाल बसच्या वेळाही बदलतात, जुन्या वेळापत्रकावर विसंबू नका.

रात्री मशिदीजवळच्या गल्ल्यांत तरावीहसाठी गाड्या लागतात. तुमची गाडी मध्ये अडकली तर हॉर्न वाजवू नका, नमाज सुटली की सगळे हलतात. मशिदीला लागून घर घेतलं असेल तर महिनाभर पार्किंगची जागा वेगळी शोधून ठेवा.

६. बाजार आणि झोप

मोठी किराणा दुकानं दिवसभर उघडी असतात, आणि भाजीपाला घ्यायला सकाळची वेळ सगळ्यांत चांगली. दुपारी चारनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. छोटी दुकानं, शिंपी, केशकर्तनालय दुपारी बंद होऊन रात्री आठ-नऊला उघडतात आणि मध्यरात्रीपर्यंत चालतात. मत्रहचा सूक, म्हणजे जुना बाजार, या महिन्यात रात्रीच बघावा. ईदसाठी कपडे शिवायला टाकणाऱ्यांची झुंबड असते, तेव्हा तुमचं काही शिवायचं असेल तर आधीच टाका.

इमारतीत रात्री दोनपर्यंत मुलं जागी, दारं उघडी, जेवणाचे वास. तक्रार करू नका, कानात बोळे घाला आणि संध्याकाळी तासभर झोप काढा. दारूचा विषय या महिन्यात काढूच नये. गाडीतलं गाणं काच बंद करून, हळू आवाजात.

७. इफ्तारचं बोलावणं

बोलावणं येणार, हे नक्की. ऑफिसातला सहकारी, घरमालक, खालच्या मजल्यावरचा शेजारी, कोणीतरी म्हणेलच, "आज आमच्याकडे या." आपली माणसं इथे संकोचतात: आपण रोजा ठेवलेला नाही, मग इफ्तारला कसं जायचं? शाकाहारी आहोत, तिथे काय खाणार? या दोन कारणांनी जी मंडळी नकार देत राहतात, ती वर्षानुवर्षं मस्कतमध्ये राहूनही एकाही ओमानी घराचा उंबरा ओलांडत नाहीत. मला हे फार वाईट वाटतं. रोजा सोडणाऱ्याला जेवू घालणं हे त्यांच्याकडे पुण्याचं मानतात, आणि पाहुणा रोजेदारच हवा अशी अट कोणी घालत नाही. जा.

कसं जायचं ते सांगते. मगरिबच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचा, उशीर अजिबात नको. चपला दाराबाहेर. बहुतेक घरांत पुरुष एका बैठकीत आणि बायका दुसऱ्या खोलीत बसतात, त्यामुळे नवरा-बायको गेलात तरी वेगळं बसायची तयारी ठेवा. पुरुषाने घरातल्या बाईशी हात मिळवायला स्वतःहून हात पुढे करू नये, तिने स्वतः हात पुढे केला तरच. आत शिरताना "रमदान करीम" म्हणा, ही रमजानची शुभेच्छा.

अजान झाली की खजूर, पाणी किंवा ताक. मग यजमान नमाजासाठी उठून जातात. नवखा माणूस इथे गोंधळतो, कारण ताटं मांडलेली असतात आणि यजमान गायब. शांत बसा, खजूर खा. दहा मिनिटांत सगळे परत येतात आणि खरं जेवण सुरू होतं.

शाकाहाऱ्यांनी काय घ्यावं? खजूर, फळं, लुकैमात म्हणजे पाकात घोळवलेले आंबवलेल्या पिठाचे गोळे, आणि लाल रंगाचं गोड विम्टो सरबत, हे निर्धास्त. संबूशात, म्हणजे तिथल्या समोशात, भाजी, चीज किंवा खिमा यांपैकी काहीही असू शकतं, विचारून घ्या. शोरबा दिसायला आपल्या पातळ खिचडीसारखा वाटला तरी त्यात बहुधा मटण असतं. हरीस आणि थरीद यांत मांस असतंच. ओमानी हलवा स्टार्च, साखर, तूप, केशर, वेलची, गुलाबपाण्याचा, अतिशय सुरेख. पण पारंपरिक कृतीत अंडंही येतं, तेव्हा न खाणाऱ्यांनी विचारावं. सगळ्यांत चांगलं म्हणजे बोलावणं आलं तेव्हाच सांगून टाकायचं, "आम्ही मांस, मासे, अंडी खात नाही." भारतीय शाकाहार ओमानी लोकांना नवा नाही. कच्छी व्यापारी मत्रहमध्ये पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. जेवणाच्या ताटावर बसल्यावर नकार देत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

उजव्या हाताने घ्या, उजव्या हाताने द्या. शेवटी कहवा, म्हणजे तिथली कॉफी, येतो, छोट्या बिनकानाच्या पेल्यात, वेलची घातलेला, बिनसाखरेचा. पेला रिकामा झाला की भरणारा परत ओततो. पुरे झालं की पेला हलकेच डावी-उजवीकडे हलवून परत द्यायचा, म्हणजे तो थांबतो. हे माहीत नसलेला पाहुणा भिडेपोटी पेल्यावर पेले पीत राहतो.

मोकळ्या हाताने जाऊ नका. भाकरवडीचं न फोडलेलं पाकीट, किंवा चांगल्या दुकानातली काजूकतली. जिलेटीन असलेली चॉकलेटं नकोत. आणि पंधरा दिवसांनी तुम्हीही त्यांना बोलवा. शाकाहारी इफ्तार सहज होतो: खजूर, फळं, भजी, बटाटेवडा, पुलाव, श्रीखंड-पुरी. नमाजासाठी एक स्वच्छ खोली आणि धुतलेली चादर तयार ठेवा, आणि किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, कुठल्या बाजूला आहे हे आधीच शेजाऱ्याला विचारून ठेवा. आमच्याकडे आलेली मंडळी श्रीखंड पुन्हा पुन्हा मागून घेतात.

रमजानच्या मध्याला, चौदाव्या रात्रीच्या सुमारास, दारावर लहान मुलं येतील, पारंपरिक कपड्यांत, गात. याला करंकशो म्हणतात. सुका मेवा, चॉकलेटं, चणे-फुटाणे, जे असेल ते ओंजळभर द्या. त्या संध्याकाळी दार उघडायला कोणीतरी घरी हवं.

८. आपले सण, आपले उपास

२०२७ मध्ये महाशिवरात्र ६ मार्चला, म्हणजे रमजानच्या शेवटच्या दिवसांत आहे. वार शनिवार, तिथली सुट्टी. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ शिवमंदिर आहे आणि दारसैतला कृष्णमंदिर. दोन्हीकडे जाता येतं. शिवरात्रीला शिवमंदिराकडची गर्दी आणि मगरिबची गर्दी एकत्र आली तर हाल होतात, म्हणून सकाळीच दर्शन घ्या. प्रसाद घरी येऊन खा. तीर्थ मंदिरातच घ्यायचं, बाटलीत भरून रस्त्यात नाही.

घरातली पूजा, आरती नेहमीप्रमाणे करा, फक्त दार-खिडक्या लावून आणि टाळ-झांजांचा आवाज आवरून. होळी ज्या वर्षी रमजानात येते, त्या वर्षी रंग आवाराच्या आतच, आणि रंगलेल्या तोंडाने रस्त्यावर नाही.

९. दान

मनात येतं की आपणही काहीतरी द्यावं. द्या, पण वर्गणी गोळा करू नका. परवानगीशिवाय लोकांकडून पैसे जमा करणं ओमानमध्ये गुन्हा आहे, आणि व्हॉट्सॲप गटावर "मजुरांच्या इफ्तारसाठी प्रत्येकी दोन रियाल" असं लिहिणंही त्यात येऊ शकतं. हेतू चांगला होता, हे सांगून सुटका होत नाही. स्वतःच्या पैशाने पाण्याच्या बाटल्यांचे खोके, खजूर, केळी घेऊन जवळच्या मशिदीत जा आणि तिथल्या व्यवस्थापकाला विचारून द्या. संध्याकाळी तिथे चटया अंथरून शेकडो मजूर जेवतात, त्यांत आपल्याकडचेही असतात.

१०. बडोद्यातल्या आई-बाबांसाठी

मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथला मगरिब म्हणजे बडोद्यात साधारण पावणेआठ. त्या वेळी फोन केला तर मुलगा एक तर रस्त्यावर असेल नाहीतर जेवायला बसलेला. साडेआठनंतर करा. दुपारी "जेवलास का?" म्हणून व्हिडिओ कॉल करू नका, ऑफिसात त्याला ते अडचणीचं होतं. आणि तो रात्री बारानंतर बाजारात फिरतोय असं कळलं तर घाबरू नका, त्या महिन्यात तिथली तीच वेळ आहे.

११. ईद

सुट्टी किती दिवसांची, हे रमजानच्या शेवटी-शेवटी जाहीर होतं. त्यामुळे बडोद्याला यायचं असेल तर तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा. अहमदाबादचं भाडं त्या आठवड्यात चढतं, मुंबईमार्गे बघून ठेवा. चंद्र एकोणतिसाव्या रात्री दिसला तर दुसऱ्याच दिवशी ईद, नाहीतर आणखी एक रोजा. घरात दोन दिवसांचं दूध, भाजी, औषधं भरून ठेवा, कारण ईदच्या सकाळी काहीच उघडं नसतं.

पहिला दिवस त्यांच्या घरच्यांचा. बोलावणं नसेल तर फोनवर "ईद मुबारक" पुरे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारनंतर भेटायला जा. ईदचा मुख्य पदार्थ शुवा, जमिनीतल्या भट्टीत रात्रभर शिजवलेलं मटण. शाकाहाऱ्याला हलवा आणि कहवा मिळतोच. मुलांना ईदी द्यायची पद्धत आहे, त्यासाठी १०० आणि ५०० बैसाच्या (ओमानी रियालच्या सुट्या पैशांच्या) नव्या नोटा आधीच बँकेतून आणा. ईदच्या आदल्या आठवड्यात त्या संपतात.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ऑफिसात वेळेआधी पोहोचा. सगळे आधी एकमेकांच्या टेबलाशी जाऊन भेटतात, हलव्याची थाळी फिरते, आणि तो तास झाल्यावरच अडकलेल्या फायली उघडायला लागतात. तुमची सही ज्यांच्याकडे राहिली आहे, त्यांच्याकडे आधी ईदच्या शुभेच्छा द्यायला जा, फाईल दुपारी न्या.